पांदणीपासून 45 मीटर

मे महिन्यात आमच्या भागातल्या रस्त्याला भेग पडली तर कुणी दचकत नाही. वर्धा नदीच्या खोऱ्यातली ही काळी, भारी माती उन्हाळ्यात तडकते, पावसाळ्यात फुगते आणि वरचं डांबर तिच्या मर्जीने वर-खाली होतं. मी तेव्हा शाखा अभियंता होतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोळशाच्या खाणपट्ट्यातले काही रस्ते माझ्याकडे होते. 2014 च्या मे महिन्यात त्यातल्या एका 11 किलोमीटरच्या रस्त्यावर, सहाव्या किलोमीटरच्या पुढे, मैलकामगाराने भेग दाखवली. मी बारीक खडी आणि डांबर भरून घेतलं, मोजमाप पुस्तकात नोंद केली आणि पुढच्या कामाला लागलो. तीन आठवड्यांत भेग त्याच जागी पुन्हा उघडली. मी पुन्हा भरली.

दोनदा भरली याची मला आजही रुखरुख आहे. ती भेग पहिल्या दिवसापासून सगळं सांगत होती, मला ते वाचता आलं नाही. वाचून दाखवलं ते रस्त्याला लागून वावर असलेल्या एका काकांनी. खाणीत त्यांची सगळी नोकरी ड्रेसर म्हणून गेली होती. ड्रेसरचं काम म्हणजे हातात सब्बल घेऊन छताला ठोकत जायचं, आवाजावरून कुठला दगड सुटलाय ते ओळखायचं आणि तो आपल्या डोक्यावर पडायच्या आत पाडायचा. दुसऱ्यांदा भेग भरत होतो तेव्हा ते धुऱ्यावर उभे राहून बघत होते. मजूर गेल्यावर जवळ आले.

"साहेब, मातीची भेग अशी जाते का जी? ती वेडीवाकडी जाते, तिला फाटे फुटतात. हे पाहा, सुतात गेली आहे."

खरंच सुतात गेली होती. रस्ता तिरपा कापून ती पलीकडच्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरात शिरली होती आणि तिथेही तीच रेघ धरून होती. काका मला रस्त्याखालच्या मोरीजवळ घेऊन गेले. दगडी बांधकामाच्या त्या मोरीच्या भिंतीत, बरोबर त्या रेघेत, चीर होती. चिरेच्या दोन्ही बाजूंना हात ठेवला तर एक बाजू बोटभर खाली. काळी माती बांधकामाला तडे देते, हे मी कितीदा पाहिलं होतं. पण शेतातून, रस्त्यातून आणि मोरीतून एकाच सरळ रेघेत जाणारी आणि एक ओठ खाली उतरलेली भेग माती पाडत नाही. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसाने उरलीसुरली शंका मिटवली. मातीच्या भेगा दोन दिवसांत मिटल्या. ही मात्र गटारातून येणारं पाणी पीत राहिली. अर्धा तास मी तिथे छत्री घेऊन बसलो. पाणी वाहत येत होतं, वाळकी पानं गोल फिरून आत जात होती आणि भेग भरत नव्हती.

"खाली पिल्लर काढून राहिले," काका म्हणाले. "तुमच्याकडे कागद असंल ना?"

माझ्याकडे कागद नव्हता.

खाणीच्या कार्यालयाला पत्र दिलं. उत्तर आलं नाही. स्मरणपत्र दिलं, त्यालाही नाही. तिसऱ्या वेळी पत्र न पाठवता मीच गेलो आणि सर्व्हेअरच्या खोलीत बसलो. सर्व्हेअर तरुण मुलगा होता, नुकताच बदलून आलेला. माझी पत्रं त्याच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. त्याने काही न लपवता नकाशा उलगडला.

ज्यांनी भूमिगत खाण पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कोळशाच्या थरात आधी आडव्या-उभ्या गॅलऱ्या काढतात, जास्तीत जास्त 4.8 मीटर रुंद. मधे कोळशाचे चौकोनी खांब उरतात, तेच पिल्लर. खोली जितकी जास्त तितका पिल्लर मोठा ठेवायचा असतो. खाण या अवस्थेत असेपर्यंत वरच्या जमिनीला सहसा काही कळत नाही, कारण पिल्लरांनी भार तोललेला असतो. त्या टप्प्याला खाणीत डेव्हलपमेंट म्हणतात. नंतर येतं डीपिलरिंग. शेवटच्या टोकापासून मागे येत येत एकेक पिल्लर काढायचा, मागचं छत बसू द्यायचं. जिथे छत बसलं त्या पोकळीला गोफ म्हणतात. छत बसतं, त्याच्यावरचा थर वाकतो, मग त्याच्यावरचा, आणि असं करत ते वाकणं जमिनीपर्यंत येतं. वर बशीसारखा उथळ खोलगट भाग तयार होतो. बशीच्या मधोमध जमीन नुसती खाली जाते. काठाला मात्र ती ताणली जाते. भेगा पडतात त्या तिथे.

ही बशी गोफपेक्षा मोठी असते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट समजलं. गोफच्या कडेवरून सरळ वर रेघ काढली तर तिथे बशी संपत नाही, ती बाहेरच्या बाजूला कलून पुढे जाते. किती कलते ते वरच्या खडकांवर अवलंबून. सर्व्हेअरने वहीच्या पानावर त्रिकोण काढला. खोली 90 मीटर धरली आणि कोन 25 अंश, तर वर 42 मीटर बाहेरपर्यंत परिणाम. खोली 150 मीटर असती तर तोच कोन 70 मीटरवर गेला असता.

कायद्यात अंतर 45 मीटर आहे. सार्वजनिक रस्ता, रेल्वे किंवा दुसऱ्याची पक्की इमारत यांच्यापासून 45 मीटरच्या आत खोदकाम किंवा पिल्लर काढणं करायचं असेल तर खाण सुरक्षा महासंचालनालयाची लेखी परवानगी लागते आणि ते घालतील त्या अटी पाळाव्या लागतात. त्या वेळी 1957 चे विनियम लागू होते. 2017 मध्ये नवे आले, पण हे 45 मीटर तसेच राहिले. आमच्या जागी खोली 90 च्या आसपास होती, त्यामुळे 45 मीटर पुरायला हवे होते. पिल्लर काढायला घेतलेल्या पट्ट्याला पॅनल म्हणतात. नकाशावर पॅनलची कड रस्त्यापासून 48 मीटर दूर होती. सगळं नियमात होतं. मग माझी मोरी का चिरली?

मी नकाशावर रस्ता शोधत होतो आणि तो मला ओळखू येत नव्हता. सहाव्या किलोमीटरनंतर आमचा रस्ता सरळ जातो. नकाशावर दोन बारीक रेघा वळसा घेऊन नाल्याकडे गेल्या होत्या. मी बराच वेळ बघत राहिलो आणि मग एकदम उमगलं. ती जुनी पांदण होती. बैलगाड्यांची वाट. पांदणीचा जिल्हा मार्ग झाला, डांबर आलं, तेव्हा वळण काढून रस्ता सरळ केला होता. तो सरळ झाला तो पॅनलच्या बाजूला. खाणीचा वरच्या भागाचा सर्व्हे त्याआधीचा. नंतरच्या प्रत्येक नकाशावर कुणीतरी त्याच रेघा उतरवून घेतल्या होत्या.

45 मीटर मोजले होते ते जिथून आता कुणी जात नाही अशा वाटेपासून.

मी ऑफिसात येऊन आमची जुनी फाइल काढली. रस्ता सरळ केल्याचा आराखडा होता, मंजुरी होती, भूसंपादनाचे कागद होते. खाणीला कळवल्याचं एकही पत्र नव्हतं. कळवायला हवं होतं, कारण त्या पट्ट्यात जमिनीखालचे हक्क घेतलेले आहेत हे सात-बारा बघणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. भूमिगत खाणीसाठी 1957 च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याखाली बऱ्याचदा फक्त खनिजाचे हक्क घेतले जातात, वरची जमीन शेतकऱ्याची राहते आणि रस्ता सरकारचा. एकाच जागेचे दोन मालक, एक खाली आणि एक वर. त्यांनी एकमेकांना नकाशे दाखवले नाहीत तर असंच होणार. चूक दोन्हीकडे होती, आणि आमच्या बाजूची चूक मी वरिष्ठांना दिलेल्या टिपणीत पहिल्याच परिच्छेदात लिहिली. काही सहकाऱ्यांना ते पटलं नाही. मला वाटतं ती लिहिली म्हणूनच पुढची सगळी कामं लवकर झाली. ज्याने आधी आपली चूक कबूल केली त्याच्याशी समोरचा नकाशावर बोलतो, पत्रात भांडत नाही.

संयुक्त मोजणी दोन दिवस चालली. खाणीचा बेंचमार्क, म्हणजे ज्याच्यावरून बाकीच्या उंच्या मोजायच्या तो खुणेचा दगड, त्यांच्याच आवारात होता आणि ते आवारही जुन्या डेव्हलपमेंटवर उभं होतं. जो दगड स्वतः खाली जाऊ शकतो त्याच्यावरून दुसऱ्याचं खाली जाणं मोजता येत नाही. म्हणून आम्ही साडेतीन किलोमीटर दूर, कोळशाच्या पट्ट्याबाहेर असलेल्या नाल्यावरच्या पुलाच्या कडेवरून लेव्हल आणली आणि जाऊन-येऊन तपासली. टोटल स्टेशन या मोजणीच्या यंत्रावर रस्त्याची खरी मध्यरेषा घेतली, ती खाणीच्या नकाशावर बसवली. गोफची कड आणि डांबराची कड यांच्यात 17 मीटर अंतर निघालं. सर्व्हेअरने आकडा लिहिला आणि पेन्सिल खाली ठेवली. आम्ही दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही. त्या रस्त्यावरून दिवसातून चार वेळा एसटी जात होती.

त्याच संध्याकाळी मी तो पट्टा वाहतुकीला बंद करण्याचा प्रस्ताव पाठवला. एसटी पांदणीच्या बाजूने, मुरूम टाकून, वळवली. पांदण खड्ड्यांची आणि अरुंद होती, पण ती तरी 45 मीटरच्या बाहेर होती.

काम लगेच थांबवा, असं मी पहिल्या बैठकीत म्हणालो. खाण व्यवस्थापकाने जे उत्तर दिलं ते मला तेव्हा टाळाटाळ वाटलं होतं, आता तसं वाटत नाही. पॅनल अर्ध्यावर सोडलं तर अर्धवट कापलेले पिल्लर भार पेलत तसेच राहतात आणि केव्हा बसतील ते सांगता येत नाही. शिवाय गोफमध्ये राहिलेला चुरा कोळसा हवेने आपोआप तापतो. वेळेत पॅनल संपवून बंद केलं नाही तर खाली आग लागते, आणि आमच्या भेगेतून तिला हवाच मिळत होती. म्हणजे माझी भेग फक्त माझी नव्हती. तिच्यातून पावसाचं पाणी खाणीत जात होतं आणि हवा कोळशापर्यंत. म्हणून सर्वात पहिलं काम ठरलं ते भेगा चिकणमातीने ठासून बुजवायचं, रस्त्यावरच्याही आणि वावरातल्याही. डांबराने नाही. डांबर पुन्हा फाटतं, चिकणमाती जमिनीबरोबर थोडी ताणली जाते आणि पुन्हा ठासता येते.

महासंचालनालयाचे निरीक्षक येऊन खाली-वर दोन्ही बघून गेले. शेवटी ठरलं ते असं. रस्त्याच्या बाजूच्या पिल्लरांच्या ओळी जशाच्या तशा ठेवायच्या. जे आधीच कापले गेले होते त्यांच्या आजूबाजूची पोकळी वाळूने भरायची. याला स्टोइंग म्हणतात. वाळू पाण्यात मिसळून पाइपातून खाली सोडतात, पाणी निथळून पंपाने परत वर येतं आणि वाळू मागे राहते. वाळूने भरलेल्या पोकळीवर छत बसलं तरी फार थोडं बसतं, नुसती पोकळी सोडली तर थराच्या जाडीच्या मोठ्या हिश्श्याइतकी वरची जमीन खाली येते. खर्च मोठा आणि नदीची वाळू मिळवणं त्याहून अवघड. वाळू यायला सप्टेंबर उजाडला.

मधल्या काळात दगड पडला.

त्या रस्त्यावर भेगेपासून पुढे एक छोटी टेकडी कापून वाट काढली आहे. आमच्याकडे कोळशाच्या थरांवर कामठीचा वालुकाश्म असतो, लालसर-पिवळा, वरून मजबूत दिसणारा. कापलेली भिंत दोन माणूस उंच. मी खाली भेगेच्या मागे होतो, माझं त्या भिंतीकडे लक्ष नव्हतं. ऑगस्टमध्ये तीन दिवस झड लागली आणि चौथ्या दिवशी पहाटे भिंतीचा एक तुकडा रस्त्यावर आला. बैलगाडीएवढा. रस्ता बंद होता म्हणून खाली कुणी नव्हतं. मी सहा वाजता पोहोचलो तेव्हा पडलेल्या दगडाची एक बाजू जुनी, काळपट, शेवाळलेली होती आणि दुसरी कापलेल्या पपईसारखी ताजी. त्या ताज्या बाजूवर पळसाची एक मुळी चपटी होऊन चिकटलेली होती, कागदासारखी. म्हणजे फट आधीपासून होती, मूळ तिच्यात वाढत होतं. आम्ही वर चढलो. घाणेरीच्या जाळीखाली, कड्यापासून दीड मीटर आत, कड्याला समांतर नवी चीर होती. बशीच्या काठाला जमीन ताणली गेली की सपाट वावरात भेग पडते. तिथेच कापलेली भिंत असेल तर त्या भेगेला बाहेर पडायला जागा असते. पाणी शिरलं, भरलं, आणि त्याने दगड ढकलला.

मी मशीन लावून भिंत मागे घ्यायच्या विचारात होतो. ड्रेसर काकांनी थांबवलं. "मशीन हादरे देते जी. जो दगड आज धरून आहे तो उद्या सुटंल." त्यांनी आमच्या चार मजुरांना दोन दिवस शिकवलं. सुरुवात नेहमी वरून. उभं राहायचं ते आधी तपासलेल्या जागी. पळायची वाट मागे मोकळी. सब्बलीने ठोकायचं आणि कान द्यायचा. धरलेला दगड खणखणतो, सुटलेला ढोलासारखा बोलतो. मी स्वतः ठोकून पाहिलं आणि चौथ्या-पाचव्या वेळी फरक कळला. तो एकदा कळला की विसरत नाही. सुटे दगड हाताने पाडले, वरची चीर चिकणमातीने बुजवली, तिच्या मागे पाणी वळवायला चर काढला. भिंतीच्या पायथ्याशी रुंद खड्डा ठेवला आणि रस्त्याच्या बाजूला जाळीत दगड भरून गुडघाभर भिंत घातली, म्हणजे पुढे काही आलंच तर ते खड्ड्यात राहील. रॉकफॉलची सगळी मोठी कामं घाटरस्त्यांवर होतात, सपाट मुलखातल्या दोन माणूस उंच कापणीकडे कुणी बघत नाही. मीही बघितलं नव्हतं.

आता मोजणीबद्दल सांगायचं, कारण मला खरं सांगायचंय ते हेच. रस्त्याच्या कडेने 200 मीटर लांबीत दर 10 मीटरला एक, अशा 21 लोखंडी कांब्या काँक्रीटमध्ये रोवल्या. दर सोमवारी त्यांच्या लेव्हल घ्यायच्या. पहिल्या रीडिंगच्या दिवशी मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. ती पहिली होती, पण सुरुवातीची नव्हती. त्याआधी रस्ता किती खाली गेला होता ते जगात कुणालाच माहीत नव्हतं. एक वर्ष आधी कुणी या कांब्या रोवल्या असत्या तर मे महिन्यात डांबराला भेग पडायच्या आत एप्रिलमध्येच आकडे हलले असते. जमीन एकदम खाली येत नाही, आधी मिलिमीटरने येते. ते मिलिमीटर पकडायला आधीचं रीडिंग हवं. ते नसेल तर लेव्हल मशीन कितीही चांगलं असो, हातात काही नाही.

नऊ नंबरची कांब सगळ्यात जास्त हलली. पहिल्या महिन्यात 19 मिलिमीटर, दुसऱ्यात 44, तिसऱ्यात 31. सात नंबरपासून अकरापर्यंत उतार होता आणि बाकीच्या जवळपास स्थिर. आकडे कागदावर जोडले की बशीचा काठ डोळ्यांना दिसायचा.

गावात राग होता आणि तो रास्त होता. शाळेची मुलं पांदणीच्या चिखलातून जात होती, बाळंतिणीला न्यायला जीप मिळत नव्हती. सरपंचबाई ऑफिसात आल्या. "साहेब, खाली काय चाललंय ते आम्हाला दिसत नाही. वरचं दिसतं. डांबर कधी टाकता?" मी त्यांना रजिस्टर दाखवलं. आकडे हलत असताना डांबर टाकलं तर ते दिवाळीपर्यंतही टिकणार नाही, हे नऊ नंबरची ओळ बोटाने दाखवत सांगितलं. त्यांनी ते नीट ऐकलं आणि म्हणाल्या, "मग हे आकडे आमच्या फळ्यावर लिहा." तेव्हापासून दर सोमवारी संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने 21 आकडे लागायचे. सुरुवातीला मी लिहायचो, पुढे शाळेतली मोठी मुलं मैलकामगाराकडून घेऊन लिहायला लागली. "आज नऊ किती?" हे चहाच्या टपरीवर विचारलं जायचं. मी कितीतरी बैठका घेतल्या असत्या तरी जो विश्वास बसला नसता तो त्या फळ्याने बसला. पांदणीवर मुरूमाचा आणखी एक थर टाकायला पैसे नव्हते, तर लोकांनी ट्रॅक्टर दिले.

तोवर रस्ता खडी आणि मुरूमाचा ठेवला. खडीचा रस्ता वाकतो, पुन्हा दाबता येतो. दगडी मोरी काढून नळकांडी मोरी टाकली, तुकड्या-तुकड्यांची, सांधे थोडे हलतील अशी. चिरलेली मोरी फोडली तेव्हा चिरेच्या आत बारीक कोरडी माती साचलेली होती आणि तीत मुंग्यांचं घर होतं. कधीपासून उघडी होती कोण जाणे.

वाळू भरून झाल्यावर नोव्हेंबरपासून आकडे मंदावले. डिसेंबरात 6 मिलिमीटर, जानेवारीत 2. मग लागोपाठ तीन फेऱ्या अशा आल्या की फरक मशीनच्या चुकीएवढाच. मी आणखी एक पावसाळा जाऊ दिला. ते थांबणं वरच्यांना आवडलं नाही, निधी परत जाईल म्हणून दोनदा विचारणा झाली. सरपंचबाईंनी मात्र एकदाही विचारलं नाही. त्यांना आकडे माहीत होते. 2015 च्या डिसेंबरात डांबर झालं. त्यानंतर त्या पट्ट्यातल्या आमच्या सगळ्या रस्त्यांचे नकाशे खाणींना दिले आणि त्यांच्या पॅनलच्या कडा लाल शाईने आमच्या रोड चार्टवर घेतल्या. जिथे लाल रेघ रस्त्याच्या जवळ येत होती तिथे पिल्लरांना हात लागायच्या आधीच कांब्या रोवल्या.

हे सगळं चालू खाणीचं झालं, जिथे सर्व्हेअर आहे, नकाशा आहे, विचारायला कुणीतरी आहे. आमच्या जिल्ह्यात दुसरंही एक संकट आहे. वरोऱ्याची खाण ब्रिटिशांच्या काळातली, 1906 मध्ये बंद झालेली. 1973 च्या राष्ट्रीयीकरणाआधी खासगी मालकांनी जागोजागी उथळ खोदलं. उथळ खाणीत बशी होत नाही, विहीर होते. गॅलरीचं छत कित्येक वर्षांनी एक दिवस बसतं, पोकळी घुमटासारखी वर सरकत येते आणि शेवटी जमीन एकदम आत जाते, आधी मिलिमीटर न दाखवता. 26 ऑगस्ट 2022 ला घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक राहतं घर असंच जमिनीत गेलं. जमीन हादरल्याचं जाणवून घरची माणसं बाहेर आली होती, म्हणून वाचली. मी तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात होतो. बातमी वाचून मला ती वाळकी पानं आठवली, गोल फिरत आत जाणारी. अशा जागी कांब्या पुरत नाहीत. तिथे जुने नकाशे शोधावे लागतात, बोअर मारून खाली पोकळी आहे का बघावं लागतं आणि सापडली तर भरावी लागते. जुन्या खाणीवरून जाणाऱ्या प्रत्येक रस्त्यासाठी हे व्हायला हवं, असं मी तेव्हा लेखी मांडलं आणि आजही मांडतो.

काकांच्या वावराचं मात्र राहिलंच. रस्ता नीट झाला, त्यांच्या पऱ्हाटीत बशीचा काठ तसाच राहिला. भेगा बुजवल्या, पण जमिनीचा उतार बदलला होता. पूर्वी नाल्याकडे वाहणारं पाणी आता वावराच्या मधे थांबतं आणि तिथली पऱ्हाटी पिवळी पडते. नुकसानभरपाईच्या अर्जावर त्यांना विचारलं गेलं की जमीन आधी किती उंच होती याचा पुरावा काय. पुरावा नव्हता. माझ्या कांब्या रस्त्याच्या कडेला होत्या, त्यांच्या धुऱ्यापर्यंत मी गेलोच नव्हतो. फार तर आणखी सहा कांब्या लागल्या असत्या.

त्या वावराच्या दुसऱ्या टोकाखाली पिल्लर अजून उभे आहेत. बदली होऊन जाण्याआधीच्या रविवारी मी सर्व्हेअरला घेऊन तिकडे गेलो. मशीन त्याचं, स्टाफ, म्हणजे आकडे लिहिलेली उभी पट्टी, काकांच्या नातवाने धरली. पुलाच्या कडेवरून लेव्हल आणून धुऱ्यावर आणि आत मिळून नऊ ठिकाणी दगड रोवले आणि नऊ रीडिंग घेतल्या. तारीख टाकली, आम्ही दोघांनी सह्या केल्या. काकांनी ते पान कापसाच्या हिशेबाच्या वहीतून फाडू दिलं नाही. म्हणाले, वहीतच राहू द्या.